झोपलेले वडील जागे का झाले? व्हिक्टोरियन आगगाडीच्या चित्रांची साक्ष

१/
इ.स. १८५४. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात रॉयल अकॅडमीचे वार्षिक प्रदर्शन भरले होते. एब्रहॅम सॉलोमन या तिशीतील चित्रकाराने त्यात चित्रांची एक जोडी मांडली. विषय होता आगगाडीचा प्रवास. एका चित्राचे नाव ‘पहिला वर्ग : भेट’, दुसऱ्याचे ‘दुसरा वर्ग : ताटातूट’. पहिल्या चित्रात मऊ गाद्यांच्या डब्यात एक तरुण आणि एक तरुणी संभाषणात रंगले आहेत. मुलीसोबत निघालेले तिचे वडील गाढ झोपले आहेत.

पुढच्याच वर्षी सॉलोमनने हे चित्र नव्याने रंगवले. नव्या चित्रात वडील जागे झाले होते.

२/
हा धागा त्या जागे झालेल्या वडिलांविषयी आहे. व्हिक्टोरियन रेल्वेची चित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. ‘दीडशे वर्षांपूर्वी लोक असा प्रवास करीत’ अशी ओळ त्यांच्याखाली असते, आणि चित्र म्हणजे जणू त्या दिवशी काढलेले छायाचित्र, अशा भरवशाने ते पुढे पाठवले जाते. हा भरवसा अस्थानी आहे. ही चित्रे मोलाचा पुरावा आहेत यात शंका नाही. पण तो पुरावा प्रवासाचा कमी आणि चित्रे विकत घेणाऱ्या, पैसे मोजून पाहणाऱ्या वर्गाच्या मनाचा अधिक आहे. त्या वर्गाला काय पाहणे रुचत होते आणि काय सोसत नव्हते, हे त्यांतून स्वच्छ कळते.

३/
थोडी पार्श्वभूमी. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजी खुला झाला. १८५० पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ६,००० मैलांचे लोहमार्ग पसरले होते. म्हणजे १८५४ च्या प्रदर्शनात सॉलोमनच्या चित्रासमोर उभ्या असलेल्या चाळिशीतल्या माणसाचे बालपण घोडागाडीच्या युगात सरले होते आणि संसार आगगाडीच्या युगात चालला होता. महाराष्ट्रातील वाचकाला काळाचा अदमास यावा म्हणून एक खूण: बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, या प्रदर्शनाच्या जेमतेम एक वर्ष आधी.

४/
त्या काळच्या ब्रिटिश डब्याची रचना समजल्याशिवाय हे चित्र कळत नाही. आजच्यासारखी डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्याची वाट तेव्हा नव्हती. डबा म्हणजे घोडागाडीच्या पेट्या एकमेकींना जोडून चाकांवर ठेवाव्यात तसे बंद खण असत. प्रत्येक खणाला स्वतःचे दार, आणि ते थेट फलाटावर उघडणारे. गाडी सुटली की पुढचे स्थानक येईपर्यंत त्या खणातून कोणालाही बाहेर पडता येत नसे. गार्डला हाक मारण्याची सोयही बहुधा नसे. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे भिडवून बसलेली अनोळखी माणसे, बंद दार आणि चालती गाडी. ज्या समाजात अविवाहित तरुणीला परपुरुषाशी रीतसर ओळख करून दिल्याविना बोलण्याची मुभा नव्हती, त्या समाजात आगगाडीने हा खण आणून ठेवला.

५/
आता सॉलोमनचे पहिले चित्र पुन्हा पाहावे. त्यात अश्लील असे काहीच नाही. कोणी कोणाचा हात धरलेला नाही. तरुण पुढे झुकून बोलत आहे आणि मुलगी ऐकत आहे, एवढेच. तरीही समीक्षकांना ते खपले नाही. चित्रकाराच्या हाताची सफाई मान्य करूनही विषय हलका आणि असभ्य असल्याचा ठपका ठेवला गेला. टोचत होती ती वडिलांची झोप. पालक समोर असून नसल्यासारखा होता आणि संभाषण कोणाच्या परवानगीवाचून चालले होते. तरुण कोण, कुठला, काय करतो, हे सांगणारी कोणतीही खूण चित्र देत नव्हते.

६/
१८५५ च्या आवृत्तीत सॉलोमनने काय बदलले, हे ओळीने पाहण्यासारखे आहे. वडील जागे झाले. ते दोघांच्या मध्ये आले. तरुण आता मुलीशी नव्हे, वडिलांशी बोलत आहे आणि मुलगी बाजूला बसून ऐकत आहे. तरुणाच्या अंगावर नौदलाच्या अधिकाऱ्याचा गणवेश चढला आहे. डबा तोच, प्रेमाची चाहूलही तीच. मात्र आता हे प्रेम वडिलांच्या नजरेखालून, त्यांच्या संमतीने आणि हुद्द्याच्या हमीवर चालले आहे. या चित्रावर कोणाला बोट ठेवता आले नसते.

७/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. त्या काळी आगगाडीत तरुण-तरुणी कसे वागत, याचा पुरावा यांपैकी कोणत्या चित्रात आहे? पहिल्यात की दुसऱ्यात? उत्तर असे की, सुटे घेतले तर दोन्हींत नाही. पहिले चित्र चित्रकाराने जुळवलेला प्रसंग आहे आणि दुसरे टीकेला भिऊन किंवा बाजार ओळखून जुळवलेला प्रसंग आहे. पण दोन्ही शेजारी ठेवली की त्यांच्यामधील फरक अस्सल पुरावा ठरतो. त्या समाजाने एका चित्रकाराला काय पुसायला लावले, हे त्या फरकात नोंदले गेले आहे. आणि जे पुसायला लावले गेले, ते कुठेतरी घडत असल्याची धास्ती असल्याशिवाय पुसायला लावले जात नाही.

८/
जोडीतल्या दुसऱ्या चित्राकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. तेथे गाद्या नाहीत, लाकडी बाक आहेत. काळ्या कपड्यांतील आई आपल्या कोवळ्या मुलाला निरोप देण्यासाठी सोबत निघाली आहे. मुलगा समुद्रावर चाकरीला चालला आहे. मागच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजांच्या जाहिराती डकवलेल्या आहेत. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोने सापडल्यापासून हजारो ब्रिटिश कुटुंबांनी अशी ताटातूट पाहिली होती. हे चित्र मनाला भिडते आणि त्यातील लाकडी बाक खरे आहेत. पण या चित्रातील कोणालाही जागे करावे लागले नाही.

९/
कारण उघड आहे. पहिल्या वर्गातील सुखाला परवान्याची गरज होती, दुसऱ्या वर्गातील दुःखाला नव्हती. गरिबाने रडावे, निरोप घ्यावा आणि साम्राज्याच्या कामाला समुद्रापार जावे, हे दृश्य प्रदर्शनातील सुखवस्तू प्रेक्षकाला हेलावून टाकत असे, पण अस्वस्थ करीत नसे. या जोडीबद्दल आणखी एक गोष्ट सहज निसटते. पहिला वर्ग आहे, दुसरा वर्ग आहे, आणि तेथेच जोडी संपते. रेल्वेला आणखी एक वर्ग होता.

१०/
तिसऱ्या वर्गाची आरंभीची कहाणी अशी. १८४१ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी लंडनहून ब्रिस्टलकडे निघाली होती. ती मुळात मालगाडी. तिला तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी उघड्या वाघिणी जोडलेल्या होत्या. वर छप्पर नाही आणि बाजूच्या फळ्या इतक्या ठेंगण्या की माणूस सहज बाहेर फेकला जावा. रेडिंगच्या अलीकडे सॉनिंग येथील खोल खोदाईत पावसाने दरड कोसळली होती. इंजिन मातीत रुतले आणि मागच्या मालाच्या वाघिणींचा रेटा मधल्या प्रवाशांवर आला. आठ जण जागीच ठार झाले आणि नववा नंतर दगावला. मृतांपैकी बहुतेक पाथरवट होते. लंडनमध्ये नव्या संसद भवनाचे दगड घडवून ते सणासाठी घरी चालले होते.

११/
या अपघाताची चौकशी झाली आणि अखेर १८४४ चा रेल्वे नियमन कायदा आला. विल्यम ग्लॅडस्टन तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते. कायद्याने प्रत्येक प्रवासी मार्गावर दिवसातून निदान एक गाडी तिसऱ्या वर्गासाठी सक्तीची केली. भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नाही, वेग थांब्यांसह ताशी १२ मैलांपेक्षा कमी नाही, बसायला आसन आणि पाऊस-वाऱ्यापासून आडोसा. आडोशासाठी कायदा करावा लागला, एवढ्यावरून आधीची स्थिती कळते.

१२/
त्याच १८४४ साली टर्नरचे ‘पाऊस, वाफ आणि वेग’ हे जगप्रसिद्ध चित्र रॉयल अकॅडमीत लागले. पूल आहे मेडनहेडचा, थेम्स नदीवरचा, इझंबार्ड ब्रुनेलने बांधलेला. मार्ग तोच, ग्रेट वेस्टर्न. सॉनिंगची खोदाई या पुलाच्या पुढे याच रुळांवर लागते. चित्राविषयी लिहिताना प्रकाश, धुके, रुळांवरून गाडीपुढे धावणारा इवलासा ससा आणि यंत्रयुगाचा उदय यांवर पाने खर्ची पडली आहेत. इंजिनामागे उघड्या डब्यांतील माणसांची पुसट रांग आहे, तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते. ती माणसे त्या पावसात भिजत आहेत. टर्नरने त्यांना चेहरे दिले नाहीत. पण त्याने त्यांना पुसलेही नाही, आणि एवढी नोंद त्या काळच्या चित्रकलेत दुर्मीळ आहे.

१३/
आणखी एक अपवाद. १८५९ मध्ये चार्ल्स रॉसिटर याने ‘साडेतीन शिलिंगांत ब्रायटनला जाऊन परत’ या अर्थाच्या शीर्षकाचे चित्र काढले. स्वस्त सहलीची गाडी आहे. डोक्यावर छप्पर आले आहे, पण बाजू उघड्या आहेत. पाऊस तिरपा आत येत आहे. लोकांनी डब्यातच छत्र्या उघडल्या आहेत, शाली ओढल्या आहेत आणि तरीही समुद्र पाहायला निघाल्याचा उत्साह मावळलेला नाही. त्या दशकात इंग्लंडमधील शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगांच्या आसपास होती. म्हणजे साडेतीन शिलिंग ही त्याच्या दृष्टीने चैनच होती. तरीही हे चित्र जे सांगते ते सॉलोमनच्या गाद्या सांगत नाहीत: १८४४ च्या कायद्यातला आडोसा पंधरा वर्षांनंतरही सर्वांपर्यंत पोहोचला नव्हता.

१४/
अपवाद अपवादच राहिले. रेल्वेवरचे सर्वांत गाजलेले व्हिक्टोरियन चित्र वेगळ्याच वाटेने आले. विल्यम पॉवेल फ्रिथचे ‘रेल्वे स्थानक’, १८६२. हे चित्र लुई व्हिक्टर फ्लॅटो या चित्रव्यापाऱ्याने सांगून काढून घेतले. त्यापोटी फ्रिथला ४,५०० पौंड मिळाले. वर सांगितलेल्या शेतमजुराची ती दीडशेहून अधिक वर्षांची मजुरी झाली. चित्र रॉयल अकॅडमीत न लावता फ्लॅटोने हेमार्केट येथील आपल्या दालनात तिकीट लावून दाखवले. सात आठवड्यांत २१,००० हून अधिक लोकांनी पैसे मोजून ते पाहिले. चित्रातील कोण कोण आहे हे समजावून सांगणारी पुस्तिका टॉम टेलर या लेखकाने लिहिली. पुढे चित्राच्या छापील प्रतीही निघाल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर हा चित्रपटासारखाच व्यवसाय होता.

१५/
चित्र आहे लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाचे. लोखंड आणि काचेचे उंच छत, डब्यांच्या टपावर चढवले जाणारे सामान आणि फलाटावर उसळलेली गर्दी. मध्यभागी एक आई शाळेच्या वसतिगृहात निघालेल्या मुलाचे चुंबन घेत आहे. हे फ्रिथचे स्वतःचे कुटुंब. एकीकडे लग्नाची मंडळी, एकीकडे सैन्यात भरती झालेला नवा शिपाई, एकीकडे भाड्यावरून गाडीवानाशी हुज्जत घालणारा परदेशी गृहस्थ. उजव्या बाजूला डब्यात पाय ठेवणाऱ्या गुन्हेगाराला दोन गुप्त पोलीस अडवत आहेत. त्यांच्यासाठी हेडन आणि ब्रेट या लंडनच्या खऱ्या गुप्त पोलिसांनी नमुना म्हणून बैठक दिली होती. व्यापारी फ्लॅटोही चित्रात आहे, इंजिनचालकाशी गप्पा मारत.

१६/
पहिल्या दृष्टीत हे चित्र संपूर्ण समाजाचे वाटते, आणि त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य तेच आहे. परंतु ही गर्दी कोणत्याही दिवशी पॅडिंग्टनला नव्हती. वधू, गुन्हेगार, शिपाई आणि शाळकरी मुलगा ही रंगभूमीवरची पात्रे आहेत. प्रत्येकाला एक भावना वाटून दिली आहे आणि कोणाचीही भावना दुसऱ्याच्या आड येत नाही. गुन्हेगार पकडला जातो, मुलगा शाळेत जातो, वधू सासरी जाते. सगळे काही जागच्या जागी पोहोचते. तिकिटाच्या वर्गाने माणसांची जी विभागणी होत असे, ती मात्र या फलाटावर जाणवत नाही. पॅडिंग्टन हे त्याच ग्रेट वेस्टर्नचे स्थानक. एकवीस वर्षांपूर्वी पाथरवटांची ती गाडी याच शहरातून, याच कंपनीच्या मार्गावरून सुटली होती.

१७/
मग फ्रिथचे चित्र निरुपयोगी मानावे का? मुळीच नाही. छताच्या कमानी अचूक उतराव्यात म्हणून फ्रिथने छायाचित्रांचा आधार घेतला आणि वास्तूचा भाग विल्यम स्कॉट मॉर्टन याच्याकडून रंगवून घेतला. टपावरचे सामान, हमालांचे कपडे, डब्यांची दारे यांबाबत या चित्रावर पुष्कळ विसंबता येते. वस्तूंची साक्ष घ्यावी, माणसांच्या परस्पर संबंधांची घेताना सावध राहावे. वस्तू समोर ठेवून काढलेल्या असतात, संबंध जुळवलेले असतात.

१८/
आणि वस्तूंच्या बाबतीतही सावधपणा लागतो, याचे उत्तम उदाहरण त्याच वर्षीचे आहे. ऑगस्टस एगचे ‘सहप्रवासिनी’, १८६२, आज बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात. डब्यात समोरासमोर दोन तरुणी. दोघींचे करडे, घेरदार झगे हुबेहूब सारखे. एक वाचते आहे, दुसरी झोपली आहे. मध्ये खिडकी, खिडकीच्या पडद्याचा गोंडा गाडीच्या हेलकाव्याने किंचित कललेला, आणि बाहेर डोंगर व समुद्र. दोघींपैकी कोणाचेही बाहेर लक्ष नाही. सॉलोमनला ज्या तरुणाने छळले, त्याला एगने डब्यातून काढूनच टाकले आहे. दोन स्त्रिया, एक पुस्तक, एक डुलकी. आक्षेपाला जागाच उरली नाही.

१९/
खिडकीबाहेरचा प्रदेश फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील माँतोंच्या परिसरातील म्हणून ओळखला जातो. प्रकृती क्षीण असलेले श्रीमंत इंग्रज तेथे हिवाळा काढत असत. एगची प्रकृतीही अशीच होती. आता लोहमार्गाच्या तारखा पाहाव्यात. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरून येणारी रेल्वे नीसला पोहोचली १८६४ मध्ये आणि माँतोंला १८६९ मध्ये. चित्र आहे १८६२ चे. एग १८६३ मध्ये अल्जीयर्सला मरण पावला. म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे हे दृश्य, चित्र काढले गेले तेव्हा, कोणत्याही आगगाडीच्या खिडकीतून दिसत नव्हते. ज्या चित्राला व्हिक्टोरियन प्रवासाचा आरसा म्हणून वारंवार छापले जाते, त्या चित्रातील प्रवास त्या ठिकाणी शक्यच नव्हता.

२०/
सॉलोमनच्या गणवेशाकडे परत जाऊ. त्या बंद खणाची धास्ती पुढे खरी ठरली, पण चित्रकाराने दिलेला उतारा खोटा ठरला. १८६४ मध्ये लंडनच्या एका गाडीत पहिल्या वर्गाच्या खणात टॉमस ब्रिग्स या बँकेतील अधिकाऱ्याचा खून झाला. ब्रिटनमधील आगगाडीतला हा पहिला खून मानला जातो. १८६८ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांत प्रवाशाला गार्डशी संपर्क साधता येईल अशी सोय करणे बंधनकारक झाले. आणि जून १८७५ मध्ये लंडनकडे येणाऱ्या गाडीत पहिल्या वर्गात एकट्या प्रवास करणाऱ्या एका तरुणीचा विनयभंग झाला. जीव वाचवण्यासाठी ती धावत्या गाडीचे दार उघडून बाहेरच्या पायरीवर लटकत राहिली. आरोपी होता ब्रिटिश सैन्यातला नामांकित कर्नल व्हॅलेंटाइन बेकर. त्याला एक वर्षाची कैद आणि ५०० पौंड दंड झाला, सैन्यातूनही काढण्यात आले.

२१/
१८५५ च्या चित्रात हुद्दा हीच सभ्यतेची हमी होती. वीस वर्षांनी न्यायालयात उभा राहिला तो हुद्देदारच. पायरीवर लटकलेल्या त्या तरुणीचे चित्र कोणत्याही गाजलेल्या प्रदर्शनात लागले नाही. ते रॉयल अकॅडमीच्या भिंतीवर शोभले नसते. म्हणून व्हिक्टोरियन स्त्रीचा प्रवास कसा होता हे शोधणाऱ्याने एगच्या दोन शांत तरुणींपाशी थांबू नये, खटल्यांच्या वृत्तांतांपर्यंत जावे.

२२/
येथे एक रास्त आक्षेप येतो. चित्रकार हा वार्ताहर नव्हे. त्याने सत्य घटनेला बांधून का घ्यावे? हा आक्षेप मान्य करायला हवा. सॉलोमन, फ्रिथ आणि एग यांनी कोणालाही फसवले नाही. त्यांनी प्रसंग रचले, आणि त्यांच्या प्रेक्षकांनाही ते रचलेलेच आहेत हे ठाऊक होते. फसवणूक आजच्या वापरात आहे. रचलेल्या प्रसंगाला जेव्हा ‘त्या काळचा प्रवास’ असे नाव दिले जाते, तेव्हा १८५४ चे समीक्षक दुसऱ्यांदा जिंकतात. त्यांनी जे भिंतीवरून हटवले, ते आता इतिहासातूनही हटते.

२३/
याची किंमत तिसऱ्या वर्गाने मोजली आहे. १८७० च्या सुमारास ब्रिटनच्या रेल्वेने प्रवास करणाऱ्यांत तिसऱ्या वर्गाचे लोक बहुसंख्य होते. त्यांच्या पैशाचे वजन ओळखून मिडलंड रेल्वेने १८७२ मध्ये आपल्या सर्व गाड्या तिसऱ्या वर्गाला खुल्या केल्या आणि १८७५ मध्ये दुसरा वर्गच रद्द केला. रेल्वेच्या हिशेबाच्या वहीत तिसरा वर्ग ठळक होता आणि चित्रदालनात तो जवळपास अदृश्य होता. याच सुमारास फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील म्हातारी, तान्ह्याला पाजणारी आई आणि झोपलेला पोरगा थेट पाहणाऱ्यासमोर बसवत होता. म्हणजे हा विषय चित्रात बसत नव्हता असे नाही.

२४/
हा प्रश्न लंडनपुरता नाही. व्हिक्टोरियन रेल्वे मुंबईतही आली, आणि तिच्या चित्रांची कथाही तीच आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे जे देखणे जलरंगचित्र आजही जागोजागी छापले जाते, ते ॲक्सेल हेग याने १८७८ मध्ये स्थापत्यकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याच्या आराखड्यावरून काढले. तेव्हा बांधकामाला नुकतीच सुरुवात झाली होती आणि स्थानकाला राणीचे नाव मिळाले १८८७ मध्ये. उभी नसलेली इमारत चित्रात दिमाखाने उभी होती. त्याउलट १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर ज्या हजारो मजुरांनी खडक फोडता फोडता आणि रोगराईत प्राण गमावले, त्यांतील एकाचेही नाव रेल्वेचा इतिहास आवडीने वाचणाऱ्याला सांगता येत नाही. नव्हते ते दिसते, होते ते दिसत नाही.

२५/
म्हणून जुने चित्र पुढे पाठवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लागावी. या चित्राचे पैसे कोणी दिले? ते प्रथम कुठे लागले आणि कोणी पाहिले? त्याची दुसरी आवृत्ती आहे का, आणि असल्यास काय बदलले? चित्रातील जागेच्या आणि यंत्राच्या तारखा जुळतात का? आणि अखेरचा प्रश्न: या गाडीत त्या दिवशी आणखी कोण बसले असेल? उत्तरे प्रत्येक वेळी मिळतीलच असे नाही. पण प्रश्न विचारला की चित्र पाहण्याची रीत बदलते.

२६/
सॉलोमनची ती दोन चित्रे यासाठीच शेजारी शेजारी पाहावीत. एकात वडील झोपले आहेत, दुसऱ्यात जागे आहेत. गाडी तीच, खण तोच. मधल्या एका वर्षात डब्याच्या आत काही घडले नाही, जे घडले ते डब्याबाहेर, चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या मनात. वडिलांना त्यांनी जागे केले. आणि त्या दोन्ही चित्रांच्या मागे, इंजिनाला लागून असलेल्या उघड्या वाघिणीत, नव्या संसदेचे दगड घडवून घरी निघालेले पाथरवट पावसात बसून आहेत. त्यांना पाहण्यासाठी जागे होण्याची पाळी आता वाचकाची आहे.

(धागा समाप्त)